इंजिन बाइकचं, गाडी आमची

पन्नाशी उलटली की बाईनं काय करावं, याची यादी आमच्या ओळखीपाळखीत तयारच असते. भजनी मंडळ, गुडघ्याला तेल, जमलं तर चारधाम. मी गाडीचा सांगाडा मागवला. अख्खी गाडी नव्हे, सांगाडाच: लोखंडी नळ्या जोडून केलेली चौकट, चार चाकं, दोन खुर्च्या, स्टिअरिंग आणि वरून बसवायचं फायबरचं अंग. इंजिन त्यात येत नाही. ते आपलं आपण आणायचं, आपणच बसवायचं आणि सगळ्या वायरी आपणच ओढायच्या. ट्रकमधून ते सामान जबलपुरातल्या कांचघरच्या आमच्या अंगणात उतरलं तेव्हा समोरच्या दीदी गच्चीवरून ओरडल्या, "ये क्या कबाड़ मंगा लिया?" मी खालून ओरडले, "कबाड़ नहीं दीदी, कार है!" त्या पोट धरून हसल्या. हसोत बापड्या.

मला कुणी वेडी म्हटलं की माझा उत्साह दुप्पट होतो, हा माझा जुना रोग आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला वायरिंग शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरीच्या रजिस्टरपाशी एक सर म्हणाले होते, "मैडम, सिलाई-कढ़ाई वाला सेक्शन उधर है." पुढं त्याच सरांचा टेबलफॅन बंद पडला, तो मीच दुरुस्त करून दिला. पण आधी आठवडाभर त्यांना चांगलं उकडू दिलं.

घरात आम्ही दोघंच. मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. माझा नवरा जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी माहेरी भंडाऱ्याला जाईन, मामाजी धाकट्या मुलाकडे पुण्याला जातील आणि या घराला कुलूप लागेल. आम्ही दोघांनी बसून काही ठरवलं नाही. तेरावं झालं, मी कामावर निघाले, आणि मामाजींनी दारातून विचारलं, "डब्यात काय नेऊन राहिली?" मी म्हटलं, काही नाही. ते आत गेले आणि दोन पोळ्यांत गूळ-तूप गुंडाळून घेऊन आले. झालं, त्या दिवसापासून आम्ही असेच आहोत.

मामाजींनी उभा जन्म फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये काढला. ऐंशीला एक कमी आहे, पण लोखंड उघडं दिसलं की त्यांना चैन पडत नाही. आमच्या घरातल्या कड्या, बिजागऱ्या, पाण्याच्या मोटरीचं झाकण, सगळं रंगवलेलं. शेजारच्यांचं फाटक ते गावाला गेले असताना न विचारता रंगवलं, तेव्हा मला जाऊन माफी मागावी लागली होती. त्यांची पद्धत ठरलेली. आधी गंज धरू नये म्हणून लाल रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की रंगाचे दोन हात, आणि वाळल्यावर ब्रशची एक जरी रेघ दिसली तरी घासून पुन्हा. चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो. ब्रश धरताना नाही.

तर सांगाडा उतरल्यावर वाटणी आपोआप झाली. लोखंड त्यांचं, वायरी माझ्या.

इंजिन मिळालं एका धडकेत वाकड्या झालेल्या मोटरसायकलचं. बाइकची चौकट गेली होती, इंजिन ठणठणीत. ते सीटच्या मागं बसवलं. पण मोटरसायकलच्या इंजिनाला आपण आता गाडीत आलोय हे कुठं माहीत असतं? त्याचा तो छोटा कंट्रोलचा डबा सतत चौकशा करतो. स्टँड वर केलं का? क्लच दाबला का? गाडी आडवी तर पडली नाही ना? आता चार चाकांच्या गाडीला स्टँड कुठून आणू? त्या डब्याला पटेल असं खोटं उत्तर देणाऱ्या दोन वायरी जोडल्या तेव्हा तो गप्प बसला. रिव्हर्स गिअर तर बाइकला नसतोच. मागं जायचं तर उतरा आणि ढकला.

एक गोष्ट मात्र मी मन लावून केली. विजेला जायला रस्ता लागतो तसा परत यायलाही लागतो. बॅटरीतून निघालेली वीज वायरीतून इंजिनाकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, रबरातून ती काही जायची नाही. म्हणून इंजिनापासून चौकटीपर्यंत एक जाड तांब्याची पट्टी लावायची, आणि जिथं तिचा बोल्ट बसतो तिथला रंग घासून लोखंड चकचकीत उघडं करायचं. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. वर्गात हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. मामाजी आतल्या खोलीत पडले होते तेव्हा मी पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, पट्टी लावली, बोल्ट आवळला.

डिसेंबरात एका दुपारी मी बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात इंजिन चालू झालं! सायलेन्सर धड बसला नव्हता, त्यामुळे आवाज असा की अख्ख्या गल्लीची कुत्री पळाली. मामाजी टाळ्या वाजवत होते. मी रडले, हे कबूल करते. मग मामाजी म्हणाले, "आता आठ दिवस हात लावू नको गाडीला. मला शेवटचा हात मारायचा आहे." मी म्हटलं, बरं जी. रोज सकाळी मी आयटीआयला जायची आणि ते अंगणात ब्रश घेऊन बसायचे. आठ दिवसांनी गाडी अशी हिरवीगार झाली की नजर हटेना.

नवव्या दिवशी बटण दाबलं. टक. नुसतं टक.

पुन्हा दाबलं. टक, टक, आणि मीटरवरचे आकडे विझले. मला वाटलं थंडी आहे, बॅटरी गारठली असेल. चार्जरला लावली. दुसऱ्या दिवशी इंजिन कण्हत कण्हत फिरलं आणि थांबलं. तिसऱ्या दिवशी चालू झालं, दहा मिनिटं चाललं, बंद केल्यावर पुन्हा टक. बॅटरी घेऊन मी घमापुरला गेले, जिथून ती घेतली होती त्या दुकानात. दुकानदार भैयानं तिला मशीन लावलं आणि म्हणाला, "मैडम, बैटरी तो एकदम बढ़िया है." मी म्हटलं, "बढ़िया है तो अपने घर में लगाओ. मेरी गाडी में क्यों मरती है?" तो बिचारा शांतपणे म्हणाला, "वायरिंग किसी से चेक करा लीजिए."

किसी से! मला! तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मी त्याला सुनावलं की या गावातल्या अर्ध्या इलेक्ट्रिशियन लोकांना मी शिकवलंय, मला वायरिंग शिकवू नको. त्यानं हात जोडले आणि बॅटरी बदलून दिली. ती नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत बसली. मग मी स्टार्टरला वीज सोडणारा रिले बदलला. मग बॅटरीला चार्जिंग पोचवणारा रेग्युलेटर बदलला. वायर न् वायर उघडून पुन्हा जोडली. फक्त एका जागेला हात लावला नाही, कारण ती मी स्वतः घासली होती.

मामाजी खाटेवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "माझ्या कामात काही खोट आहे का गं?" मी म्हटलं, "छे हो, तुमचं काम सोन्यासारखं आहे." आणि पुन्हा चार्जर लावला.

याच दिवसांत एकदा दूध जळलं. मी कामावर होते, मामाजींनी गॅसवर दूध ठेवलं आणि अंगणात येऊन चाकांच्या नट-बोल्टांना रंग लावत बसले. पातेलं कोळसा झालं. बरं, झालं ते झालं, पण त्यांनी स्वतःच रविवारच्या फोनवर मुलाला ते हसत हसत सांगितलं. माझा दीर पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे, मनानं वाईट नाही. पण तो हसला नाही.

"वहिनी, फोन स्पीकरवर आहे का? असू दे. बाबांचं विसरणं वाढलंय. तुम्ही दिवसभर बाहेर. उद्या काही झालं म्हणजे?"

"काय होणार? मी आहे ना."

"तुम्ही किती दिवस करणार? इथं सोसायटी आहे, लिफ्ट आहे, खाली बसायला त्यांच्या वयाची माणसं आहेत. मी पुढच्या आठवड्यात येतोय. परतीची दोन तिकिटं काढलीत."

दोन तिकिटं! विचारणं नाही, पुसणं नाही. मी म्हटलं, "त्यांना बसायला माणसं नको आहेत भाऊजी, त्यांना काम हवंय. ते इथं गाडी बांधून राहिले."

तो जरा हसला आणि म्हणाला, "वहिनी, ती गाडी चालते तरी का?"

तिथं माझं डोकं सणकलं. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई सांगून सांगून थकली. मी म्हटलं, "या तुम्ही. त्या गाडीत बसवून मैदानाला दोन चकरा मारते तुम्हाला. मारल्या तर बाबा इथंच राहतील, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही मारल्या, तर खुशाल घेऊन जा त्यांना."

"बघा हं. शर्त?"

"शर्त!"

मामाजी तिथंच मटार सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूनं कशी लढले म्हणून ते मनातून खूश असतील. फोन ठेवला आणि तडक पाने घेऊन अंगणात धावले, कारण गाडी तेव्हा तिथं मढ्यासारखी पडली होती.

खरं सांगते, कर्तव्य वगैरे काही नाही. मला ते घरात हवे होते. संध्याकाळी फाटक उघडताना आतून रेडिओ ऐकू यावा, आणि "आली का?" असं कुणी तरी विचारावं, एवढंच मला हवं होतं. ते पुण्याला गेले असते तर त्या घरात मी, तीन खोल्या आणि एक न चालणारी गाडी उरली असती. हे मी कुणाजवळ बोलले नाही. मी नुसती आणखी रागानं वायरी तपासत राहिले.

भाऊजी शुक्रवारी आले. येताना वडलांसाठी पांढरे बूट आणले होते, चालायला जायचे. शनिवारी ते त्यांना सदर बाजारात घेऊन गेले, दोघंही खव्याची जिलेबी खाऊन आले, आणि त्या वेळात मी गाडी चालू करायला बघत होते. टक. रविवारी संध्याकाळची पुण्याची रेल्वे होती. दुपारी जेवणं झाल्यावर भाऊजी अंगणात खुर्ची टाकून बसले. मामाजी खाटेवर उन्हाला बसले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या. मी काही शर्तीला धरून बसणार नाही. पण बाबांची बॅग मात्र भरू या."

"गाडी सुटायला चार तास आहेत," मी म्हटलं आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बसवली.

बटण दाबून धरलं. इंजिन कण्हलं. मी चिडून दाबूनच ठेवलं, फिर म्हटलं, फिर ना मेल्या. तेवढ्यात प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. मी उतरून मागं धावले, इंजिनापाशी हात घातला आणि किंचाळले. क्लचची केबल लागली होती हाताला. तव्यासारखी तापलेली! दोन बोटांना टरारून फोड आला.

भाऊजी धावत आले. "काय झालं? भाजलं?"

मी बोट तोंडात घालून उभी. आणि तशीच उभी असताना मला सगळं कळलं. क्लचच्या केबलमधून वीज जात नसते. ती नुसती पायाची ओढ इंजिनापर्यंत नेणारी तार आहे. ती तापली म्हणजे विजेला परतीचा तिचा रस्ता मिळत नव्हता, म्हणून ती या चोरवाटेनं चालली होती. म्हणजे अर्थिंग तुटलेलं. म्हणजे माझी ती घासलेली जागा.

वीज मोजायचा मीटर आणला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनाला, आणि भाऊजींना म्हटलं, दाबा बटण. आकडा शून्याच्या आसपास हवा. सहा व्होल्टच्या वर गेला. ही तपासणी मी दर वर्षी पहिल्या महिन्यात पोरांना शिकवते. जो पोरगा ती करायच्या आधी बॅटरी बदलतो त्याला मी अख्ख्या वर्गासमोर उभं करते.

बोल्ट उघडला. पट्टी बाजूला केली. जिथं रुपयाएवढं चकचकीत लोखंड असायला हवं होतं, तिथं रंग होता. आधी रेड ऑक्साइडचा हात, वर हिरव्याचे दोन. गुळगुळीत, एक रेघ नाही. बोल्टाच्या भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा लावलेला. सगळ्या जबलपुरात असा रंग लावणारा हात मला एकच ठाऊक होता, आणि तो चार पावलांवर खाटेवर बसला होता.

"काय आहे?" भाऊजींनी वाकून विचारलं.

आता बघा, माझी काय अवस्था झाली असेल. खरं सांगावं तर भाऊजी म्हणणार, बघा, बाबा काय करतात ते त्यांनाच कळत नाही. आणि मी? सत्तावीस वर्षं ज्या चुकीसाठी पोरांना फैलावर घेतलं, ती माझ्या नावावर घ्यायची? पण मी म्हटलं, "माझी चूक. इथला रंग घासायचा राहून गेला. विसरले मी."

"तुम्ही?" भाऊजी हसायलाच लागले. "वहिनी, तुम्ही हेच शिकवता ना?"

"शिकवते. विसरले. माणूस आहे मी," मी म्हटलं, आणि कान लालभडक झाले.

"खोटं बोलून राहिली ती," खाटेवरून आवाज आला.

मामाजी उठून आले. आले ते सरळ वाकून त्या बोल्टाच्या जागेकडे बघत म्हणाले, "हिनं घासलं होतं. चांगलं चकचकीत. मी शेवटचा हात मारताना पट्टी काढली, तर खाली लोखंड उघडं. मला वाटलं, ही बापडी रंग लावायला विसरली. म्हटलं, आपण लावून देऊ, सांगायचं काहून? तिला उगाच वाईट वाटेल."

इकडे मला वाटत होतं, मी त्यांचं विसरणं झाकते आहे. आणि हा माणूस महिनाभर माझं विसरणं झाकून बसला होता!

"मामाजी, अहो, ते मुद्दाम घासलं होतं! रंगातून वीज जात नाही!"

"मग सांगितलं काहून नाही? चाळीस वर्षं मी रंग लावला, विजेचं मला कुणी सांगितलं? आमच्या शॉपात उघडं लोखंड सोडलं तर फोरमन रक्त आटवायचा."

"आणि तुम्ही पट्टी काढली हे मला काहून नाही सांगितलं? बॅटरी बदलली, रिले बदलला, रेग्युलेटर बदलला मी! त्या घमापुरच्या भैयाला भर दुकानात वाटेल ते बोलून आले!"

"तू विचारलं का? मी तर विचारलं होतं, माझ्या कामात खोट आहे का. तू म्हणाली, सोनं आहे."

भाऊजी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. ते हळूच म्हणाले, "बाबा, मी हेच म्हणत होतो. आता असल्या गोष्टी—"

"काय असल्या?" मामाजी गर्रकन वळले. "विसरलो काय मी? विसरणाऱ्याला बोल्टाखालचं लोखंड दिसलं असतं? चुकलो म्हण. चूक वेगळी. चूक तर हिनंही केली, आणि ती शिकवते."

मग त्यांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला. मी म्हटलं, द्या इकडे, मी करते. त्यांनी दिला नाही. ते मांडी घालून खाली बसले आणि स्वतःचा रंग स्वतः घासायला लागले. आधी हिरवा गेला, मग लाल. मधेच हात थांबला, मला वाटलं दमले. दमले नव्हते, जीवावर आलं होतं. पण घासला पूर्ण, खाली पांढरं लोखंड चमकेपर्यंत. मी पट्टी बसवली, बोल्ट आवळला आणि म्हटलं, "आता वरून लावा, हवा तेवढा. वरून लावलेला चालतो."

"वरून चालतो? मग हे आधी सांगायचं ना," ते म्हणाले आणि ब्रश आणायला गेले.

बटण दाबलं. काय सांगू, इंजिन असं भडकून उठलं की भाऊजी दोन पावलं मागं सरले. मीटरवर चार्जिंगचा आकडा चौदावर जाऊन स्थिर उभा राहिला. मी भाऊजींना म्हटलं, "बसा." ते बसले. या गाडीला आरटीओचा कागद नाही, तो मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आमच्या गल्लीच्या टोकाचं मैदान आमचं आहे. तिथवर भाऊजींनी उतरून थोडी ढकललीसुद्धा, कारण वळणावर मी भिंतीला नाक लावलं आणि रिव्हर्स कुठला! मामाजी पांढरे बूट घालून मागून चालत आले आणि मैदानाच्या कडेला उभे राहिले.

दोन म्हटल्या होत्या, मी चार चकरा मारल्या. क्रिकेट खेळणारे थांबले. भाऊजी डोक्यावरची टोपी धरून ओरडत होते, आधी भीतीनं आणि मग मजेनं. मामाजींसमोर आणून गाडी उभी केली तेव्हा भाऊजी हसत हसत म्हणाले, "हरलो वहिनी. तुमचंच खरं. बाबा राहू देत इथं."

माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी सीटवर उभी राहून ओरडले, "ऐकलं का मामाजी? जिंकलं मी तुम्हाला!"

मामाजी हसले नाहीत.

"मला जिंकलं?" ते म्हणाले. "मी काय लकी ड्रॉमधलं स्टीलचं पातेलं आहे?"

मी खाली बसले.

"मटार सोलत होतो मी त्या दिवशी. बहिरा नव्हतो. हा म्हणतो, घेऊन जातो. तू म्हणते, गाडी चालली नाही तर घेऊन जा. आज ही गाडी चालली नसती, तर दिलं असतं तू मला पाठवून? बोल. एरवी तर लय बोलतेस."

शर्त मी लावली होती. त्यांच्यावर, त्यांच्यासमोर, त्यांना न विचारता. दोन तिकिटं न विचारता काढली म्हणून ज्याच्यावर मी आग ओकत होते, त्याच्यापेक्षा मी कणभर चांगली नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हटलं, "चुकलं माझं, मामाजी."

"चुकलंच," ते म्हणाले. मग मुलाकडे वळले. "आणि तू. काळजी वाटते तुला, माहीत आहे मला. काळजी कर. पण विचारून कर."

"बाबा, मी—"

"थांब, माझं झालं नाही. मी पुण्याला येत नाही. गाडी चालली म्हणून नाही. ही अंगणात पडून गंजली असती ना, तरी मी येत नव्हतो. बॅग भरून स्टेशनावर नेलं असतं तरी तिथून ऑटो करून परत आलो असतो. कळलं दोघांना?"

आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारख्या माना हलवल्या. इंजिन चालूच होतं.

"आता उतर," मामाजी मुलाला म्हणाले. "मला बसू दे."

भाऊजी उतरले. त्यांनी हात धरायला पुढं केला, तो मामाजींनी धरला नाही. नळीवरून एक पाय आत टाकून, कण्हत, ते स्वतःच शेजारी बसले आणि समोर बघत म्हणाले, "चल." मी पहिला गिअर टाकला.